अकरावीचे विषय निवडताना: पदवीच्या पात्रतेपासून मागे या

दहावीचा निकाल लागला की घरात वाद रंगतो तो शाखेवरून: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स. दोन वर्षांनी पदवीच्या प्रवेशाच्या वेळी मात्र गाडी अडते ती पुष्कळदा एखाद्या विषयावरून. सायन्स आहे, पण गणित सोडलंय, म्हणून आर्किटेक्चर नाही. कॉमर्स आहे, पण गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलंय, म्हणून दिल्ली विद्यापीठाचं इकॉनॉमिक्स ऑनर्स नाही. बायफोकल (दोन विषयांच्या जागी येणारा व्यावसायिक विषय) घेताना बायोलॉजी गेलं आणि बारावीच्या दिवाळीत मुलीला नर्सिंग करावंसं वाटू लागलं.

म्हणून विषय ठरवायचे ते पदवीच्या टोकापासून मागे येत. खालचा क्रम मुख्यतः राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीसाठी आहे. सीबीएसईत जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

१. आधी यादी करा, आणि ती अभ्यासक्रमांची करा

‘डॉक्टर’, ‘काहीतरी कॉम्प्युटरमध्ये’, ‘सरकारी अधिकारी’ ही यादी नव्हे. कागदावर अभ्यासक्रमांची नावं हवीत: बी.ई. कॉम्प्युटर, बी.एस्सी. अ‍ॅग्री, बी.आर्क., पाच वर्षांचं लॉ, बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. चार-पाच पुरेत. मुलाचं अजून काहीच ठरलेलं नसेल तर घाबरू नका, पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते नसतंच. फक्त मग यादी जरा लांब होईल आणि विषय असे घ्यावे लागतील, की त्यातल्या जास्तीत जास्त वाटा उघड्या राहतील.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा. बारावीला कोणते विषय सक्तीचे आहेत, किमान किती टक्के लागतात आणि प्रवेश परीक्षा कोणती. ही माहिती क्लासच्या पत्रकातून किंवा गेल्या वर्षी मुलाला घातलेल्या शेजाऱ्याकडून घेऊ नका. सीईटी सेल (राज्याच्या प्रवेश परीक्षा), नीट (वैद्यकीय), जेईई (इंजिनिअरिंग), सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठं), आर्किटेक्चर कौन्सिल या सगळ्यांच्या माहितीपुस्तिका त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. त्यातलं ‘पात्रता’ हे प्रकरण काढा आणि आईवडील व मूल दोघांनी मिळून वाचा. नियम बदलत असतात. बीबीए, बीएमएस, बीसीए यांना एकेकाळी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. २०२४ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता घेतलेल्या या अभ्यासक्रमांना राज्याची सीईटी आली, आणि त्या वर्षी पुष्कळ जणांना हे उशिरा कळलं.

ढोबळ चित्र असं आहे:

- इंजिनिअरिंग: भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं, तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा यादीतला दुसरा एखादा. राज्यात खुल्या वर्गाला या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०.
- आर्किटेक्चर: इथेही भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं, शिवाय नाटासारखी अभिक्षमता परीक्षा. चित्रकला कितीही चांगली असली तरी गणिताला पर्याय नाही.
- एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नीट.
- बी.फार्म.: भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालतं.
- बी.एस्सी. कृषी (राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार विद्यापीठांखालची कॉलेजं): एमएचटी-सीईटी (राज्याची सीईटी), पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र).
- बी.एस्सी. नर्सिंग: जीवशास्त्रासह सायन्स आणि त्याची स्वतंत्र सीईटी.
- मर्चंट नेव्हीतलं डेक ऑफिसरचं प्रशिक्षण: पीसीएममध्ये ६० टक्के, आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५०. इंग्रजीची ही अट नजरेतून निसटते.
- पाच वर्षांचं लॉ, सीए फाउंडेशन, आयआयटीच्या यूसीड या डिझाइन प्रवेश परीक्षेतून होणारं बी.डिझाइन: कोणतीही शाखा.

या यादीत गणिताचं नाव किती वेळा आलं ते पाहा.

२. गणिताचा निर्णय सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश

अकरावीच्या विषयांत खरा एकेरी रस्ता हाच. भूगोल घेतला नाही म्हणून पुढे भूगोलात बी.ए. करता येत नाही असं सहसा होत नाही. मानसशास्त्राचंही तेच. बारावीला मानसशास्त्र न घेतलेली मुलं बी.ए.ला ते घेतात आणि नीट शिकतात. गणित मात्र बारावीला नसेल तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, स्टॅटिस्टिक्स, पुणे विद्यापीठाचं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं बी.स्टॅट. हे सगळं एकदम बंद होतं.

‘डॉक्टरच व्हायचंय, गणिताचं ओझं कशाला’ हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. नीट ७२० गुणांची, त्यातले ३६० जीवशास्त्राचे, आणि गणिताचा एकही प्रश्न नाही. म्हणजे ज्याला नीटशिवाय काहीही दिसत नाही आणि ज्याला गणित खरोखर जड जातं, त्याने गणिताऐवजी भूगोल किंवा मानसशास्त्र घेणं शहाणपणाचं आहे. पण सरकारी मेडिकल कॉलेजच्या जागा आणि अर्ज यांचं प्रमाण सगळ्यांना माहीत आहे. गणित सोडताना ‘नीटमध्ये जमलं नाही तर काय?’ याचं उत्तर आधी लिहून ठेवा. उत्तर फार्मसी, कृषी, नर्सिंग, मायक्रोबायॉलॉजी असेल तर गणित खुशाल सोडा. उत्तर ‘मग बघू’ असेल तर सोडू नका.

गणित ठेवायचं की नाही हे ठरवण्यासाठी दहावीचे गुण पुरेसे नाहीत. दहावीच्या पेपरात ठरावीक प्रकारची गणितं सरावाने जमतात. अकरावीचा ताण वेगळा असतो. त्यापेक्षा सुट्टीत अकरावीच्या पुस्तकातले दोन धडे, त्रिकोणमिती आणि फलन, मुलाला स्वतःहून वाचायला द्या. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात. आठ-दहा दिवस रोज तासभर. उत्तरं चुकली तर हरकत नाही. तो पुन्हा त्या पानाकडे वळतो का, एवढं बघा.

कॉमर्सचं गणित आणि सायन्सचं गणित हे राज्य मंडळात वेगवेगळे विषय आहेत, विषय संकेतांकही वेगळे: आर्ट्स व सायन्ससाठी ४०, कॉमर्ससाठी ८८. सीबीएसईतही तसेच दोन प्रकार आहेत. ०४१ हे नेहमीचं गणित आणि २४१ हे अप्लाइड. अप्लाइड सोपं वाटतं, पण ते वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेलं आहे. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर ०४१च.

एनडीए या सैन्यदलांच्या प्रबोधिनीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे समज फार चुकीचे असतात. आर्मी विंगसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. एअर फोर्स आणि नेव्हीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. ‘आर्मीला आर्ट्स चालतं’ हे वाक्य खरं आहे, पण लेखी परीक्षेत गणिताचा पेपर ३०० गुणांचा असतो आणि तो सगळ्यांना सारखाच. आर्ट्स घेऊन एनडीए द्यायची म्हणजे बारावीचं गणित कॉलेजबाहेर शिकायचं. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था दहावीनंतर मुलं निवडून घेते. त्या वाटेने जायचं असेल तर दहावीच्या वर्षीच तिच्या प्रवेश परीक्षेवर लक्ष ठेवा.

३. जीवशास्त्र: ठेवलं तर काय, सोडलं तर काय

राज्य मंडळात इंग्रजी, एक दुसरी भाषा किंवा तिच्या जागी आयटी (माहिती तंत्रज्ञान), आणि चार ऐच्छिक विषय असा साचा असतो. सायन्सला चार ऐच्छिक म्हणजे सरळसरळ पीसीएमबी. त्यामुळे ‘दोन्ही घेतलं तर एक विषय जास्त होईल’ असं नाही. विषयांची संख्या तेवढीच राहते, वाढतो तो अभ्यास. ज्याचं ठरलेलं नाही त्याने पीसीएमबी घ्यावं हे माझं सरळ मत. एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही गट एकाच वर्षी देता येतात.

पीसीबी गटाच्या सीईटीने एमबीबीएस मिळतं असं अजूनही काही पालकांना वाटतं. मिळत नाही. वैद्यकीय सगळं नीटवर. पीसीबी गट मुख्यतः फार्मसी आणि कृषीसाठी. पीसीएम गटात गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन म्हणजे २०० पैकी १०० गुण आहेत. पीसीबीत तेच वजन जीवशास्त्राला. म्हणजे ज्या विषयावर हात बसलेला नाही तो गट ‘असू दे’ म्हणून देण्यात फारसा अर्थ नाही.

जीवशास्त्र सुटलं तरी परतीची पायवाट शिल्लक राहते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये जाहीर केलं, की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. पण ती सवलत आहे, नियोजन नव्हे. वर्ष जातं.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचं आकर्षण असणाऱ्यांसाठी: त्यांच्या अभिक्षमता परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. बारावीला चारपैकी तीन विषय चालतात, पण पेपर चौघांचा. मूलभूत विज्ञानाकडे ओढा असलेल्या मुलाने अकरावीत तरी चारही विषय हाताळावेत.

४. बायफोकल, आयटी आणि ‘स्कोअरिंग’ भाषा

बायफोकल विषय, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स वगैरे, २०० गुणांचा असतो आणि तो दोन विषयांची जागा घेतो: दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय. कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांचा तो ऐच्छिक विषय बहुतेक वेळा जीवशास्त्र असतो. इंजिनिअरिंग पक्कं असेल तर हा उत्तम सौदा आहे. भाषेचा पेपर नाही, प्रॅक्टिकलचे गुण हातात येतात आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख होते. पक्कं नसेल तर घेऊ नका. बायफोकलला चांगल्या कॉलेजात जागा मर्यादित असतात आणि मिळाली म्हणून घेतली असं फार होतं.

आयटी वेगळं. ते १०० गुणांचं, दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतं. ८० गुणांची परीक्षा संगणकावर आणि २० गुणांचं प्रॅक्टिकल. आयटीसाठी जीवशास्त्र सोडावं लागत नाही. पीसीएमबी, इंग्रजी, आयटी ही जोडी म्हणूनच लोकप्रिय आहे.

संस्कृत, जर्मन, फ्रेंच यांना ‘स्कोअरिंग’ म्हणतात आणि शाळेत तीन वर्षं ती भाषा केलेल्यांना ते खरंही ठरतं. नव्याने जर्मन सुरू करून बारावीत ९५ काढायचे बेत मात्र जपून करा. गुणांना महत्त्व आहेच: आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशाला खुल्या वर्गात बारावीला ७५ टक्के, किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच धरतात. जेईईची धावपळ करणारी मुलं इंग्रजीकडे आणि पाचव्या विषयाकडे दुर्लक्ष करतात आणि ७३वर अडकतात. भाषा निवडताना हा हिशेब डोक्यात असू द्या. राज्यातल्या इंजिनिअरिंगला ७५ची अट नाही.

५. कॉमर्स: एसपी की मॅथ्स

बीके (बुक-कीपिंग), ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) आणि इकॉनॉमिक्स बहुतेक ठिकाणी ठरलेले. निवड उरते ती सेक्रेटरियल प्रॅक्टिस की गणित, आणि भाषा की आयटी. ‘कॉमर्स घेतलंच गणित टाळायला’ म्हणणाऱ्यांनी सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर बघून घ्यावा: व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र, १०० गुण, वस्तुनिष्ठ, चुकीला पाव गुण वजा. बारावीला गणित नसलं तरी सीए करता येतं, पुष्कळांनी केलंय. पण ज्याने कॉमर्सचं गणित केलंय त्याला त्या पेपरात निम्मं ओळखीचं भेटतं.

महाराष्ट्राबाहेर जायचं असेल तर निर्णय आणखी सोपा होतो. दिल्ली विद्यापीठात सीयूईटीतून प्रवेश होतात आणि बारावीला जे विषय उत्तीर्ण केले, त्याच विषयांचे पेपर द्यावे लागतात. इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित हवंच; बी.कॉम. ऑनर्सला गणित किंवा अकाउंटन्सी. म्हणून अर्थशास्त्र, फायनान्स, अ‍ॅक्चुअरी, डेटा असं काही मनात असेल तर गणित घ्या. एसपी त्याने घ्यावं ज्याला बी.कॉम. सोबत नोकरी किंवा घरचा व्यवसाय करायचा आहे आणि बोर्डात टक्का हवा आहे. त्यात कमीपणा काही नाही.

६. आर्ट्स घेताना गट बघा, नुसते विषय नाही

आर्ट्सला विषयांची यादी लांबलचक असते: इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र. प्रत्यक्षात कॉलेजने वेळापत्रकाच्या सोयीने गट बांधलेले असतात आणि ‘मानसशास्त्र हवं तर भूगोल नाही’ असं खिडकीवर कळतं. आधी विचारा.

यूपीएससी-एमपीएससीसाठी आर्ट्स घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. भूगोल आणि राज्यशास्त्राची ओळख लवकर होते हा फायदा खरा, पण बारावीच्या विषयांनी तिथे पात्रता बदलत नाही. तेव्हा आर्ट्स घ्यायचं ते त्या विषयांची गोडी आहे म्हणून. लॉ करायचं असेल तर अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन इंग्रजी वाचनाची सवय लावा. क्लॅट या लॉच्या प्रवेश परीक्षेचा पेपर सगळा उताऱ्यांवर असतो. अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल आणि कॉलेज आर्ट्सला गणित देत असेल, तर ते घ्या. अशी कॉलेजं थोडी आहेत.

७. विषय कॉलेजात मिळतो का, ते अर्जाआधी

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ते मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर आणि अमरावतीपुरते होते. पोर्टलवर तुम्हाला मिळते कॉलेजातली शाखा. तिथले विषय प्रवेश घेताना कॉलेजच्या खिडकीवर ठरतात. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव राहत नाही. म्हणजे पहिल्या क्रमांकाला असं कॉलेज टाकायचं, जिथे आपले विषय नक्की मिळतात.

फोनवर किंवा जाऊन विचारायचे प्रश्न: आयटी आहे का आणि किती जणांना? अनुदानित तुकडी की विनाअनुदानित, फी किती? मानसशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावर? जीवशास्त्राच्या जागी काय मिळतं? प्रॅक्टिकल दर आठवड्याला होतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयात नको, बारावीतल्या एखाद्या मुलाला गेटवर विचारा.

क्लासशी टायअप असलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांत हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. तिथे पीसीएम किंवा पीसीबी यांपैकी एकच गट शिकवतात आणि बाकीचे विषय कागदावर राहतात. फेब्रुवारीत इंग्रजीचं पुस्तक पहिल्यांदा उघडणारी मुलं तिथेच भेटतात. त्यात जायचं असेल तर उरलेल्या विषयांचं काय, हे लेखी वेळापत्रकावर पाहून घ्या.

८. चुकलं असं वाटलं तर

अकरावीच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात विषय बदलणं सर्वांत सोपं. प्राचार्यांच्या नावे अर्ज, पालकाची सही, आणि त्या तुकडीत जागा असली की काम होतं. पहिल्या घटक चाचणीचे गुण आल्यावर घाईने बदलू नका, ती सगळ्यांचीच पडते. पण विषयाचं पुस्तक उघडायची इच्छाच होत नसेल, तर थांबूही नका. अकरावी संपल्यावर बदल करायचा म्हणजे मागचं वर्ष भरून काढायचं, कारण एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि जेईई-नीटमध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो.

बारावी उत्तीर्ण झाल्यावर राहिलेला एखादा विषय मंडळाच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ म्हणून देता येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे. दोन्हीकडे अर्ज भरण्याआधी, ज्या अभ्यासक्रमाला जायचंय तिथे असा विषय चालतो का, ते त्यांच्या पुस्तिकेत शोधा. इंजिनिअरिंगच करायचंय आणि अकरावीच्या जेईई-सीईटीच्या धबडग्यात पडायचं नाही, तर दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश ही वाट आहेच. डिप्लोमाचे अर्जही दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा दोन्हीकडचे अर्ज भरून ठेवा आणि अकरावीची पहिली फेरी लागेपर्यंत मूळ कागदपत्रं कुठेही अडकवू नका.